खरं सांगतो, खरं...

बेळगावात नवीन आला असाल तर आधी एक शब्द शिकून घ्या. पुण्यात ‘खरं’ म्हणजे सत्य. आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. “येतो म्हटलो होतो, खरं बसच मिळाली नाही की.” सत्याला पळवाट हवी, तर ती सत्याच्याच नावाने. एवढी सोय भाषेनेच करून दिली आहे, ती वाया घालवू नका.

सुरुवात गावाच्या नावापासून. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावी. म्हणून अर्जावर बेळगावी लिहा, गल्लीतल्या मंडळात बेळगाव म्हणा. कुणी हिंदीवाला बेलगाम म्हणाला तर दुरुस्त करू नका. एकंदर कारभार पाहता त्याचंच बरोबर असेल.

मग महाजन अहवाल, म्हणजे बेळगाव कुणाचं या महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा. तो घरी जरूर ठेवा, सबंध मात्र वाचू नका. १९६६ साली सेनापती बापट उपोषणाला बसले, आयोग नेमला गेला आणि १९६७ साली अहवाल आला. आपल्या सभेत बोलायला उभे राहिलात तर निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं आयोगच म्हणतो, हे घसा ताणून सांगा. बेळगाव शहर कर्नाटकात ठेवा, हेही त्याच अहवालात आहे आणि आयोग मागितला होता आपणच, हे आठवलं की पाणी मागा. पलीकडच्या सभेत बोलावलं तर ‘महाजन अहवाल अंतिम’ अशी सुरुवात करा. त्या २६४ गावांचं पान जवळ आलं की तिथे माईक बंद पडतो, काळजी नसावी. सोलापूर-अक्कलकोटकडची धरून २४७ गावं कर्नाटकाला द्यायला सांगितली होती, तो आकडा मात्र तिथे सगळ्यांना पाठ असतो. दोघांनी मिळून अहवाल पूर्ण वाचला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

१ नोव्हेंबरला जरा जपून. १९५६ साली याच तारखेला आम्ही इकडे, म्हणजे आताच्या कर्नाटकात, आलो. त्यामुळे चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे आणि डीजे, दुसरीकडे काळ्या फिती लावून सायकल फेरी. दुकानदाराने अशा वेळी शटर अर्ध्यावर ठेवावं. “दुकान चालू होतं की बंद?” असं कुणी विचारलंच, तर आधी विचारणाऱ्याच्या गळ्यात कुठला रुमाल आहे ते बघावं. संध्याकाळी दोन्हीकडची पोरं त्याच अर्ध्या शटरखालून वाकून आत येतात, उसळपाव मागवतात आणि उधारी एकाच वहीत लिहितात.

मराठी शाळा वाचवा, असं भाषणही करावं. ते दुपारी साडेतीनच्या आत संपवावं. इंग्रजी शाळेतून नातवाला आणायला उशीर होतो.

एका बाईपासून मात्र लांब राहा. गणपत गल्लीत भाजी घेऊन बसते, खानापूरकडची. गिऱ्हाइकाशी मराठीत भाव सुरू करते, मधेच कन्नडात पैसे मोजते, वर चार मिरच्या टाकते आणि वजनात मारत नाही. हे शिकायला गेलात तर दोन्हीकडच्या कितीतरी पुढाऱ्यांना पोट भरायला दुसरा धंदा शोधावा लागेल.

सत्याग्रहाचा माणूस आमच्याकडेही येऊन गेला आहे. १९२४ साली गांधीजी काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते बेळगावातच. आयुष्यात ते तेवढे एकदाच अध्यक्ष झाले. शंभर वर्षं झाली म्हणून २०२४ च्या डिसेंबरात गावभर रोषणाई होती. लोक सहकुटुंब दिवे बघायला गेले. आम्हीही गेलो, फोटो चांगले आले.

बाकी सत्य काय ते सुप्रीम कोर्टात आहे. महाराष्ट्राने २००४ साली दावा लावला, त्यामुळे तेव्हापासून ते एका जागी सुरक्षित आहे. आमच्या गल्लीतले आजोबा अजून सकाळी पेपर घडी मोडायच्या आत विचारतात, “केस कुठंवर आली रे?” पेपर टाकणारा पोरगा सायकलवरून न उतरता सांगतो, “लागणार की निकाल, आजोबा.”

आजोबा चष्मा पुसतात. “लागणार खरं...”

आणि पुढचं बोलत नाहीत.