आधी मजकूर, मग कार्ड

रात्रीचे साडेअकरा. मी जेवणाच्या टेबलावर कागदाच्या एका तुकड्याला भोक पाडत बसलोय आणि दिवे मालवायला आलेली बायको विचारते, "उद्या कोणाचा प्रोजेक्ट आहे?" आमच्या घरात शाळेत जाणारं कुणी नाही. ती हे मुद्दाम विचारते.

चाळिशी उलटलेला बाप्या कात्री, डिंक आणि रंगीत कागद घेऊन बसला की बघणाऱ्याला दोनच गोष्टी सुचतात. एकतर पोराचा प्रकल्प, नाहीतर माणूस रिकामटेकडा. "किती वेळ असतो रे तुझ्याकडे!" हे इतक्यांदा ऐकलंय की त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे आता मी तोलत बसत नाही. पण आज त्यांच्याशी भांडायचं नाहीये. आज भांडण आपल्याच जातीतल्या लोकांशी, म्हणजे हाताने शुभेच्छांची कार्डं करणाऱ्यांशी आहे.

हाताने केलेली बरीचशी कार्डं आपण स्वतःसाठीच केलेली असतात. नाव तेवढं दुसऱ्याचं टाकतो.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जवळच्या मित्राच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मी पॉप-अप कार्ड केलं. उघडलं की आत पुस्तकांचं कपाट उभं राहायचं. आठवडाभर रोज रात्री तास-दीड तास खपलो. कपाटातल्या एकेका पुस्तकाचा कणा म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरची रंगीत पट्टी, चिमट्याने धरून चिकटवलेली. मित्राने कार्ड उघडलं, "आयला!" म्हणाला, मिटलं, परत उघडलं, वहिनींना दाखवलं. आणि मग त्याची नजर कार्डावर काहीतरी शोधत फिरली. मागची बाजूही उलटून बघितली त्याने. तो काय शोधतोय हे मला कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षांच्या दोस्तीवर मी त्या कार्डात तीन शब्द लिहिले होते : वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. कपाटामुळे लिहायला जागा उरली नव्हती, हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं की काय लिहायचं याचा विचार मी आठवडाभरात एकदाही केला नव्हता.

"हाताने केलेलं" या शब्दाला आपण उगाच डोक्यावर बसवलंय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर इथे एस्थर हाउलंड नावाच्या बाईंनी १८४०च्या दशकाच्या अखेरीस व्हॅलेंटाइन कार्डांचा धंदा सुरू केला. जाळीदार कागद, रंगीत कागदाचे थर, छापील चित्रांचे तुकडे, सगळं हाताने कापलेलं आणि चिकटवलेलं. फक्त कामाची वाटणी होती. एक बाई कापणार, दुसरी चिकटवणार आणि कार्ड टेबलावरून पुढे सरकत जाणार. प्रत्येक कार्ड अस्सल हातचं, आणि ते कुणाच्या हाती पडणार हे करणाऱ्या एकीलाही माहीत नाही.

दुसऱ्या टोकाला लंडनचे हेन्री कोल. नाताळची एवढी पत्रं हाताने लिहायला वेळ कुठून आणायचा म्हणून या गृहस्थांनी १८४३ साली जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि कार्डंच छापून घेतली. नाताळचं पहिलं छापील कार्ड म्हणतात ते हेच. (वेळ नसण्याची तक्रार किती जुनी आहे बघा.) पण त्या कार्डावर कुणाला आणि कुणाकडून हे लिहायला दोन जागा कोऱ्या ठेवलेल्या होत्या. घाईत असलेल्या माणसाच्या छापील कार्डातसुद्धा हस्ताक्षराला जागा होती. माझ्या कपाटवाल्या कार्डात तेवढीही नव्हती.

तेव्हापासून मी क्रम उलटा केलाय. आधी रद्दी कागदावर मजकूर लिहितो. तो जमल्याशिवाय कात्री हातात घ्यायची नाही. परवा आतेबहिणीसाठी लिहिलं ते असं : "सायकल शिकवताना तू सीट कधीच सोडून दिली होतीस आणि मागून 'धरलंय, धरलंय' म्हणून ओरडत होतीस. इतकं चांगलं खोटं नंतर कुणी बोललं नाही माझ्याशी." बस्स. दोन वाक्यं. ती लिहिल्यावर कार्ड काय करायचं हे वेगळं ठरवावं लागलंच नाही. पांढरा कागद, खालच्या कोपऱ्यात दोन काळी वर्तुळं, त्यातलं एक कडेला थोडं कापलं गेलेलं. सगळं मिळून पाऊण तास, त्यातला अर्धा तास दुसरं वाक्य जुळवण्यात गेला.

आता कुणी म्हणेल, मग चिठ्ठीच द्या की, कार्ड कशाला? याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. मला कागद आवडतो, एवढंच. आणि कागदाचा विषय निघालाच आहे तर जरा थांबतो, कारण इथे मी बरीच वर्षं फुकट घालवली आहेत.

जाड कागदाची घडी घातली की ती मधेच तडकते आणि पांढरे तंतू बाहेर दिसतात, हे प्रत्येकाने अनुभवलं असेल. मी कागदाला शिव्या द्यायचो. दोष माझा होता. कागदाला लाकडासारखी रेषा असते, छपाईवाले तिला ग्रेन म्हणतात. यंत्रावर लगदा सरकत्या जाळीवर पडतो तेव्हा त्यातले बरेचसे तंतू जाळी धावते त्या दिशेने रांगेत लागतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सुरीसारखी बसते, आडवी घातली तर तंतू मोडतात. ओळखायचं कसं? कागद न मोडता नुसता वाकवून बघा, आधी उभा, मग आडवा. ज्या बाजूने तो कुरकुर न करता वाकतो, ती घडीची बाजू.

यातली गंमत पुढे आहे. ए४ कागदात ही रेषा बहुतेक वेळा लांब बाजूने जाते. म्हणजे अख्खा ए४ मधोमध दुमडून मोठं कार्ड केलं, जे आपण सगळे पहिल्यांदा करतो, की घडी नेमकी रेषेला आडवी येते. तोच कागद आधी कापून त्याचे दोन भाग करा आणि प्रत्येक भाग दुमडा. आता घडी रेषेबरोबर जाते, आणि एका कागदात १०५ बाय १४८ मिलिमीटरची दोन कार्डं होतात. हा आकार मजकुराच्या चार-सहा ओळींना अगदी बेताचा. दुसऱ्या ए४मधून २१ सेंटीमीटरचा चौरस काढला, कार्ड त्यावर तिरकं ठेवलं आणि चारी कोपरे आत घेतले की पाकीटही तयार.

कागद २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) वरचा असेल तर नुसत्या बोटाने घडी घालू नका. स्टीलची पट्टी ठेवायची आणि संपलेल्या रिफिलने एकदाच, दाब न बदलता रेघ ओढायची. शाई संपलेलीच हवी. मी एकदा "संपलीच आहे" म्हणून धरलेल्या रिफिलने शेवटच्या दोन इंचात निळी रेघ उमटवली होती. आणि दुमडताना ती दाबलेली चर बाहेरच्या अंगाला ठेवायची, उंचवटा आत. हे उलटं वाटतं. मलाही वाटलं होतं. करून बघा.

डिंक जितका कमी तितका बरा. पांढऱ्या डिंकात पाणी असतं, कागदाचे तंतू ते पितात, फुगतात, आणि कार्ड पापुद्र्यासारखं वळतं. कांडीचा गम वापरा, आणि रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा. सेलोटेपच्या वाटेला जाऊ नका, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागदालाही डाग देते.

चमकीबद्दल माझं मत कडक आहे. देऊ नका. चमकी लावलेलं कार्ड म्हणजे दुसऱ्याच्या घरात महिनाभर केर काढायला लावणं. ती बहुतेक प्लास्टिकची असते, झाडून गोळा होत नाही आणि पाण्याबरोबर कुठे जाते ते आता सगळ्यांना कळलंय. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीला मनाई केली आहे. माझ्या कपाटात मात्र अजून दोन डब्या आहेत. टाकायच्या कुठे हे कळत नाही म्हणून तशाच पडल्यात.

अक्षरांचं बोलायलाच हवं. कार्डावर अक्षरं कशी काढावी हे शिकवणारे सगळे सांगतात, खाली पेन्सिलने हलकी रेघ मारा आणि अक्षरं तिच्यावर उभी करा. मी इमानेइतबारे तसं करायचो आणि माझं मराठी सतत तिरपं-तारपं जायचं. कितीतरी दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. आपली अक्षरं रेघेवर उभी नसतात, शिरोरेषेला लटकलेली असतात! रेघ वर मारायची. कपड्यांची दोरी बांधायची आणि मग एकेक अक्षर वाळत घालायचं. वर वेलांटीला आणि मात्रेला जागा सोडायची, खाली उकाराला. शेवटी शिरोरेषा सलग ओढली की मधली वाकडीतिकडी अक्षरंसुद्धा एका कुटुंबातली वाटायला लागतात.

नावाच्या बाबतीत एक फटका खाल्लाय. मैत्रिणीच्या मुलीसाठी खोडरबर कोरून तिच्या नावाचा शिक्का केला. खोडरबरावर अक्षर उलटं कोरावं लागतं. त्यासाठी सोपी युक्ती अशी की ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने सुलटं लिहायचं, तो पालथा घालून नखाने घासायचा. अक्षर आपोआप उलटं उतरतं आणि शिक्का मारला की सुलटं उमटतं. हे सगळं मी सुरेख केलं. शिक्का सुबक. फक्त ती आपल्या नावात दुसरी वेलांटी लिहिते आणि मी पहिली कोरली होती. सात वर्षांच्या मुलीने ते कार्ड माझ्यासमोर धरून शांतपणे सांगितलं, "काका, ही मी नाहीये." आता कोरण्याआधी फोन करून विचारतो. लाज वाटली तरी विचारतो.

या सगळ्या व्यापात मला हळूहळू कार्डापेक्षा भेटवस्तूला बांधायचा टॅग जास्त आवडायला लागलाय. कार्डात आतलं कोरं पान अंगावर येतं. टॅगला आत-बाहेर नाही. नाव आणि एक ओळ, एवढीच मुभा. पाच बाय नऊ सेंटीमीटरचे टॅग एका ए४मध्ये बारा बसतात. वरचे दोन कोपरे छाटायचे, भोक पाडायचं, सुतळी ओवायची. भोक कडेपासून निदान एक सेंटीमीटर आत हवं, नाहीतर पहिल्याच हिसक्याला फाटतं. अमेरिकेतल्या डेनिसन नावाच्या गृहस्थांनी १८६३ मध्ये यावरच पेटंट घेतलं होतं : मालाला बांधायच्या टॅगच्या भोकाभोवती कागदाची चकती. तीच युक्ती आपणही करतो. पंचने पडलेल्या भोकाभोवती जाड कागदाची गोल चकती चिकटवायची, दोन्ही बाजूंनी. दिसायलाही बरी दिसते. म्हणजे ही वस्तू मुळात नटण्यासाठी जन्मलेली नाही. हे गाठोडं कुणाचं, एवढं सांगण्यासाठी आणि वाटेत न तुटण्यासाठी आहे.

आणि टॅगवरची एक ओळ म्हणजे "प्रेमपूर्वक" किंवा "सस्नेह" नव्हे. भाच्याला स्वेटर दिला तेव्हा लिहिलं, "आईने सांगितलं म्हणून घालू नकोस, थंडी वाजली तर घाल." ताईने फोन करून माझी खरडपट्टी काढली. भाच्याने टॅग ठेवलाय.

ठेवलाय म्हणालो खरा, पण हेही सांगायला हवं : त्याने फेकला असता तरी माझी तक्रार नव्हती. आपण कार्डवाले इथे फार अन्याय करतो. हाताने केलंय म्हटलं की समोरच्याच्या डोक्यावर ते जन्मभर जपायचं ओझं येतं. कुणाच्या घरी गेल्यावर "माझं कार्ड कुठंय गं?" असं विचारणारे लोक मी बघितलेत. मीही विचारलंय. आता नाही विचारत. वाचलं, हसलं, संपलं. रद्दीत गेलं तर कागदच आहे तो. चमकी नसेल तर त्याचा पुन्हा कागद होतो.

मावशीला मागच्या वर्षी शाल दिली होती, टॅग बांधून. पुढे तिचं नाव, खाली एक ओळ होती, ती तिच्या-माझ्यातली. परवा तिच्याकडे गेलो तर शाल दिसली नाही. विचारलं नाही. पाणी प्यायला आत गेलो तर फडताळावर गोळ्यांचे दोन डबे होते. एकाच्या कडीला माझा टॅग लटकत होता, माझ्याच गाठीसह. कोरी बाजू पुढे केलेली, आणि त्यावर तिच्या मोठ्या, किंचित कापऱ्या अक्षरात लिहिलेलं : सकाळच्या.

दुसऱ्या डब्याला काही बांधलेलं नव्हतं. काल रात्री साडेअकराला मी त्याच्यासाठीच भोक पाडत होतो.