भिंती पाडाव्यात, पण शिस्तीत

पुनर्विकास पूर्ण होऊन, वास्तुशांतीची जेवणे आटोपून आणि मेंटेनन्सच्या पहिल्या बिलाचा धक्का पचवून जे सद्गृहस्थ आता नव्या इमारतीच्या व्यवस्थापक समितीवर निवडून आले आहेत, त्यांच्या उपयोगासाठी हे लिहीत आहे. आपण चाळीत वाढलात. तिथे गॅलरी सामाईक होती, नळ सामाईक होता, आणि कोणाकडे कसली फोडणी पडली हे कोणी कोणाला सांगावे लागत नव्हते. (तिथेही खोली मिळताना आडनाव विचारले जात होते, त्यामुळे उगाच गहिवरून जाण्याचे कारण नाही.) आता आपण एकोणिसाव्या मजल्यावर राहता. समाज बदलतो आहे, जुन्या भिंती पडत आहेत, असे आपणच भूमिपूजनाच्या दिवशी माइकवरून म्हणाला होतात. त्या भाषणाला बट्टा लागू न देता आवश्यक त्या भिंती जागच्या जागी कशा राखायच्या, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न आहे, आणि तो वाटतो तितका अवघड नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, दिसणारी भिंत पाडायला मुळीच घाबरू नये. नारळ फोडावा, फोटो काढावा आणि पाडून टाकावी. या शहराने १८६० च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, कोटाची सबंध तटबंदीच पाडून टाकली आणि त्यामुळे कोणाची पायरी चुकली असे ऐकिवात नाही. आज चर्चगेटला गेट उरलेले नाही, तरी तिथून सुटणाऱ्या लोकलच्या कोणत्या डब्यात आपण चढायचे आणि कोणत्या डब्याकडे बघायचेही नाही हे प्रत्येकाला न सांगता ठाऊक असते. अलीकडे तर आपण समुद्राचाच अडसर दूर केला. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला, १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले, आणि दोन्हींच्या तोंडाशी दुचाकी व रिक्षा यांना मनाई करणारी पाटीही लागली. त्यामागे सुरक्षेचे कारण आहे आणि ते खरेही असेल. आपण त्यातून घ्यायचा धडा वेगळा आहे. कोणत्याही मनाईच्या वर ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ एवढे दोन शब्द लिहिले, की वाचणारा मान डोलावून पुढे जातो. हे दोन शब्द आपल्याला वर्षभर पुरणार आहेत.

आता लिफ्टकडे वळू. इमारतीत तीन लिफ्ट असतील तर त्यांतल्या एकीला सर्व्हिस लिफ्ट म्हणावे. ती मुळात कपाटे, पलंग आणि प्रसंगी स्ट्रेचर नेण्यासाठी असते, पण त्या यादीत घरकामाच्या बायका, ड्रायव्हर, कचरा उचलणारा आणि डिलिव्हरीचा मुलगा यांची भर घालायला ठरावसुद्धा लागत नाही. एक लॅमिनेट केलेला कागद आणि खाली ‘आदेशावरून’ एवढे पुरते. कोणी आक्षेप घेतलाच, तर संविधानाचा पंधरावा अनुच्छेद वाचून दाखवावा. त्यात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी सविस्तर यादी आहे. लिफ्टचा उल्लेख नाही. सतराव्या अनुच्छेदात अस्पृश्यता ‘कोणत्याही स्वरूपात’ पाळायला मनाई आहे, तो मात्र वाचायला घेऊ नये. तोवर चर्चा स्वच्छतेकडे वळवलेली असावी.

यात एक क्षण नाजूक असतो, त्याची तयारी आधीच केलेली बरी. आपल्याकडे सकाळी सात वाजता येणारी बाई आपणच दिलेल्या चावीने दार उघडते. ती कणीक मळते, आपल्या आईला अंघोळ घालते, नातवाच्या तोंडात घास भरवते, आणि साडेनऊ वाजता बाराव्या मजल्यावरच्या पुढच्या कामासाठी निघते. त्याच वेळी आपणही ऑफिसला निघालेले असता. लिफ्ट येते, दार उघडते, आत जागा भरपूर असते. आपण आत शिरता आणि ती पाठ भिंतीला टेकवून दुसऱ्या लिफ्टची वाट पाहत बाहेर उभी राहते. या वेळी आपण मोबाइलमध्ये पाहावे. दार बंद व्हायला चार-पाच सेकंद लागतात आणि सवयीने तीही जाणवेनाशी होतात. बरोबर नातू असेल तर मात्र पंचाईत होते, कारण तो तिला ‘मावशी, ये ना’ म्हणून हाका मारतो. त्याला थोडे मोठे होऊ द्यावे.

घरातल्या घरात तर काही करावेच लागत नाही. ड्राय बाल्कनीच्या कट्ट्यावर, भांड्यांच्या पावडरीच्या डब्याशेजारी, एक स्टीलचा पेला उपडा घातलेला असतो. तो तिथे कोणी ठेवला हे कोणालाच आठवत नाही. पाहुण्यांपैकी कोणी विचारले तर ‘तिला तोच आवडतो’ असे सांगावे. आपल्या मुलीने सोसायटीच्या गेटच्या ॲपमध्ये तिला पाच तारे दिलेले आहेत, हेही जाता जाता सांगावे. तिला आपल्याला तारे देण्याची सोय त्या ॲपमध्ये नाही, आणि ती नसणेच सर्वांच्या हिताचे आहे.

सर्वांत जास्त अभ्यास लागतो तो भाड्याने घर देण्याच्या बाबतीत. प्रथम कायदा नीट वाचून घ्यावा, म्हणजे कागदावर काय उतरू द्यायचे नाही हे कळते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ मध्ये पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू नये असे म्हटले आहे. आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, सभासदाने रीतसर कळवले की झाले. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व आपल्या समाजापुरते राखणारा उपविधी मान्य केला होता, हे खरे आहे. परंतु तसा उपविधी करायचा म्हणजे मनातले लिहून द्यावे लागते, मग ते कोणाच्याही हाती पडते. त्यापेक्षा तोंडी व्यवहार बरा.

तोंडी व्यवहाराचा मुख्य नियम असा, की नकार आपण कधीही द्यायचा नाही. मालकाने म्हणायचे, ‘माझे काही नाही हो, सोसायटी ऐकत नाही.’ सोसायटीने म्हणायचे, ‘आम्ही कोण सांगणार, मालकाची मर्जी.’ आणि या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या ब्रोकरने म्हणायचे, ‘साहेब, तो फ्लॅट कालच गेला.’ फ्लॅट सोमवारपासून रिकामा असतो, तो समोरच्या माणसाचे नाव ऐकल्यावर आदल्या दिवशी जातो. नाव पुरेसे बोलके नसेल, तर ‘मूळ गाव कोणते’ असा आपुलकीचा प्रश्न करावा. माणूस जाधव किंवा पाटील निघाला तर ‘म्हणजे कोणते जाधव?’ असे हसतमुखाने विचारावे आणि तो गडबडला तर ‘नाही, आमच्या ओळखीत एक आहेत म्हणून’ अशी जोड द्यावी. एकटी राहणारी मुलगी असेल तर जात विचारण्यात वेळ दवडू नये. ‘रात्री परतायला किती वाजतात’ हा एकच प्रश्न पुरतो, आणि तो सुरक्षेच्या कारणास्तव विचारलेला असल्याने तिला रागावताही येत नाही.

आता आपल्यासारख्या मराठी सभासदाच्या वाट्याला येणारी खास कसोटी. दर काही महिन्यांनी बातमी येते, की याच मुंबईत कुठल्या तरी इमारतीत मराठी कुटुंबाला मासे-मटण खातात म्हणून घर नाकारले. अशा दिवशी आपल्या संतापाला कोणतीही मर्यादा असू नये. हुतात्मा चौकाचा फोटो स्टेटसला ठेवावा. बोंबील खाणे हा कसा आपला जन्मसिद्ध हक्क आहे, समोरच्याच्या ताटात डोकावणारे हे कोण, आणि संविधान नावाची काही चीज या देशात आहे की नाही, हे सर्व ग्रुपवर खणखणीत लिहावे. आपले म्हणणे योग्यच असते. माझ्या मते तर त्यातला एकही शब्द कमी करण्यासारखा नसतो. अडचण एवढीच, की त्याच संध्याकाळी त्याच फोनवर ब्रोकरचा निरोप येतो : ‘सर, फॅमिली चांगली आहे, नवरा-बायको दोघेही बँकेत आहेत, डिपॉझिट तयार आहे, फक्त आडनाव अन्सारी आहे.’ या निरोपाला लगेच उत्तर देऊ नये. दुपारचा आणि संध्याकाळचा मजकूर फोनच्या पडद्यावर एकाखाली एक दिसणे बरे नव्हे. मध्ये चहा घ्यावा, बातम्या बघाव्यात, आणि मग लिहावे, ‘आपल्याला काही प्रॉब्लेम नाही, पण बिल्डिंगमधले लोक जुन्या विचारांचे आहेत.’ बिल्डिंगमधले लोक म्हणजे कोण, हे त्याला विचारू देऊ नये. प्रत्येक सभासद हेच वाक्य उरलेल्या सगळ्यांबद्दल लिहितो, म्हणूनच तर एवढ्या इमारतीत जुन्या विचारांचा एकही माणूस शोधून सापडत नाही.

रॅम्पबद्दल थोडे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमात ‘अडथळा’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत बांधकामाचे अडथळे आहेत, तसेच सामाजिक, सांस्कृतिक, आर्थिक आणि मनोवृत्तीचे अडथळेही आहेत. कायदा करणाऱ्यांनी इतके खोलात जायला नको होते. आपण बांधकामापुरते पाहावे. बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्रासाठी रॅम्प बांधून दिलेलाच आहे, स्टीलचा कठडाही आहे. त्याच्या पायथ्याशी सहा इंचांची एक पायरी राहून गेली आहे, ती पावसाचे पाणी अडवण्यासाठी आहे असे सांगावे. वर निम्म्या रुंदीत शोभेच्या कुंड्या मांडाव्यात, उरलेल्या निम्म्यात वॉचमनची सायकल आपोआप येते. चाळीत ज्या काकूंना गणपतीच्या आरतीसाठी चार पोरे खुर्चीसकट उचलून दोन जिने खाली आणत असत, त्या आता सातव्या मजल्यावर असतात. रॅम्प आहे म्हणून त्यांना उचलायला कोणी जात नाही, आणि कुंड्या आहेत म्हणून त्यांना रॅम्पवरून जाता येत नाही. आरतीचे थेट प्रक्षेपण त्यांच्या टीव्हीवर करून द्यावे. त्यांना ते आवडेल.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात समितीने लक्ष घालू नये, तिथली व्यवस्था बायकांनी पूर्वीच चोख लावलेली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. पण हेरवाड लांब आहे, आणि आपण ग्रामपंचायत नाही. निमंत्रणात ‘सुवासिनींनी’ ऐवजी ‘सर्व भगिनींनी अगत्य यावे’ असे छापले, आणि वाण मात्र नेहमीच्याच यादीप्रमाणे मोजून आणले, की पुरोगामित्वही साधते आणि खर्चही वाढत नाही. ज्यांनी यायचे नसते, त्या येत नाहीत.

शेवटी ठरावाविषयी. वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘ही संस्था जात, धर्म, लिंग, आहार, शारीरिक क्षमता व आर्थिक स्थिती यांवरून कोणताही भेद करणार नाही’ असा ठराव अवश्य मांडावा आणि एकमताने संमत करून घ्यावा. ठरावाला भिऊ नये. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला, तो संमतही झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, आणि त्यानंतर कित्येक महिने तळ्यावर पूर्वी जे येत होते तेच येत राहिले. ठराव इतका निर्दोष होता, की त्याने कोणालाही काडीचा त्रास झाला नाही. त्या नगरपालिकेच्या नशिबाने २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्याच्या काठाशी आले आणि त्यांनी ओंजळीत पाणी घेतले. मग तेवढ्यासाठी तळ्याचे शुद्धीकरण करावे लागले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. म्हणून ठराव करताना धोका ठरावात नसतो, तो अक्षरशः खरा मानणाऱ्या माणसात असतो, हे लक्षात ठेवून सभागृहावर नजर ठेवावी.

असा एखादा माणूस आपल्याही सभेत निघतोच. बहुधा ती चौथ्या मजल्यावरची बावीस-तेवीस वर्षांची मुलगी असते, नुकतीच नोकरीला लागलेली. अहवाल वाचून होताच ती उठून विचारते, की असे असेल तर लिफ्टमधला तो कागद उद्या काढायचा का, आणि रॅम्पवरच्या कुंड्या कोण हलवणार. तिच्याशी वाद घालू नये. टाळ्या वाजवाव्यात. नव्या पिढीकडून खूप शिकण्यासारखे आहे असे म्हणून तिथल्या तिथे ‘सर्वसमावेशकता उपसमिती’ स्थापन करावी आणि तिचे निमंत्रकपद तिलाच द्यावे. उपसमितीत खजिनदार आणि त्यांचे मेहुणे असावेत, निधीची तरतूद पुढच्या अंदाजपत्रकात पाहू असे इतिवृत्तात नोंदवावे, आणि पहिली बैठक मंगळवारी सकाळी अकरा वाजता क्लब हाऊसमध्ये ठेवावी. त्या वेळी ती ऑफिसात असते.