पुणे-दिल्ली विमानाचं ‘सव्वा तासाचं’ गणित कुठे चुकतंय

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा तोच मेसेज आलाय, की पुणे-दिल्ली अंतर ११५० किमी, विमानाचा स्पीड ताशी ८५०, म्हणजे १ तास २० मिनिटांत पोचायला पाहिजे, पण तिकिटावर सव्वादोन तास लिहितात आणि वरच्या तासाचं भाडं उकळतात. खाली सगळे "लूट आहे" लिहितायत म्हणून नीट उत्तर देतेय.

अंतर बरोबर आहे, सरळ रेषेत तेवढंच भरतं. पण ८५० हा स्पीड तीस-पस्तीस हजार फुटांवर गेल्यावरचा. १०,००० फुटांच्या खाली साधारण २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६० किमीची मर्यादा असते, चढण्या-उतरण्यात बराच वेळ जातो आणि पूर्ण स्पीड मधल्या टप्प्यातच मिळतो. कात्रजहून शिवाजीनगरला किती वेळ लागेल ते काढताना कोणी अंतराला ऐंशीने भागतं का? त्यात विमान पट्टीने आखल्यासारखं सरळ जात नाही, ठरलेले मार्ग असतात, दिल्लीजवळ गर्दी असली की वरच घिरट्या घालायला लावतात.

आणि मुख्य म्हणजे तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नाहीच! विमान जागेवरून हललं तिथपासून दिल्लीत गेटला उभं राहीपर्यंतची असते ती. मागच्या खेपेला मी घड्याळ बघून लिहूनच ठेवलं, ६:१० ला हललं, ६:३२ ला उडालं, ८:१४ ला चाकं टेकली, ८:२७ ला गेटला लागलं. म्हणजे हवेत १ तास ४२ मिनिटं आणि जमिनीवर ३५, झाले की सव्वादोन तास. लोहगाव, म्हणजे आपला पुण्याचा विमानतळ, मुळात हवाई दलाचा तळ आहे, रनवे एकच, सुखोई उडत असतील तर आपलं विमान थांबणारच ना.

हां, कंपन्या वेळेत थोडा बफर धरतात हे खरंय, कारण १५ मिनिटांच्या आत पोचलं की ते ‘वेळेवर’ मोजलं जातं. पण माझ्या त्या फेरीत सांगा बरं तासभर कुठे शिल्लक होता?

भाड्याचं तर काहीच नाही, ते तासावर ठरत नाही, त्याच विमानात शेजारच्याचं तिकीट वेगळ्या किमतीचं असतं. उलट विमान जास्त वेळ अडकलं तर दिवसाच्या फेऱ्या कमी होतात, नुकसान कंपनीचंच.

त्या मेसेजच्या शेवटी लिहिलंय की पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून कोलकात्याहून पुण्याला येताना कमी वेळ लागायला हवा, तरी जास्तच दाखवतात. अहो, हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते! पुण्याखालची जमीन ताशी दीड हजार किमीच्या वर वेगाने फिरतेय, तसं असतं तर शिवाजीनगरवर पाच मिनिटं स्थिर उभं राहिलेलं हेलिकॉप्टर अलिबागच्या पुढे समुद्रावर सापडलं असतं. खरं कारण वरचा वारा आहे, हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावर पश्चिमेकडून जोरदार वाहतो, पूर्वेकडे जाताना मागून ढकलतो आणि येताना तोच समोरून लागतो.