थायरॉईडची गोळी पोलराइज्ड दिव्याखाली ठेवू नका

'पोलराइज्ड प्रकाशाने रेणूंना योग्य वळण लागतं, हे नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने सिद्ध केलंय. गोळ्या आणि पाणी रात्रभर आमच्या दिव्याखाली ठेवा, निम्मा डोस पुरतो.' हा फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. तो वाचून माझ्या मावशीने थायरॉईडच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून बशीत मांडल्या आणि अर्धीच गोळी घ्यायला लागली, म्हणून हे लिहितोय.

पोलराइज्ड (ध्रुवित) प्रकाश म्हणजे ज्याच्या लहरी ठरावीक पद्धतीनेच कंप पावतात असा प्रकाश. आधी गोळीचंच बोलू. काही रेणू डाव्या-उजव्या हातासारखे असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा. लेव्होथायरॉक्सिनच्या, म्हणजे थायरॉईडच्या नेहमीच्या गोळीत शरीराला लागणारा तेवढाच हात कारखान्यातून भरून येतो. मग दिवा त्यात सुधारणार काय? उलट हे औषध उजेड, उष्णता आणि दमट हवेने खराब होतं. आणि समजा, दिव्याने खरंच रेणू उलटला, तर काय हाती येईल? डेक्स्ट्रोथायरॉक्सिन, म्हणजे त्याच औषधाची आरशातली प्रतिमा. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी ते अमेरिकेत 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' या चाचणीत हृदयरुग्णांना देऊन पाहिलं होतं. त्या गटात मृत्यू जास्त दिसले आणि ते मध्येच बंद करावं लागलं. असल्या गोष्टीला 'योग्य वळण' म्हणून विकताना काहीच कसं वाटत नाही?

आता नोबेलचं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठाच्या बेन फेरिंगांना 2016 चं नोबेल मिळालं ते रेण्वीय यंत्रांसाठी, म्हणजे रेणूंपासून घडवलेल्या अतिसूक्ष्म यंत्रांसाठी. फॉरवर्डचा रोख आहे तो त्यांच्या गटाच्या 1996 च्या 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकातल्या प्रयोगावर. प्रकाशाने डाव्याचा उजवा होईल असा रेणू त्यांनी मुद्दाम घडवला, डावे-उजवे सारखे घेतले आणि वर्तुळाकार ध्रुवित (म्हणजे लहरी डावीकडे किंवा उजवीकडे गोल फिरत जाणारा) अतिनील प्रकाश सोडला. फरक पडला 0.07 टक्के. म्हणजे 20,000 रेणूंत एका बाजूचे 10,007 आणि दुसऱ्या बाजूचे 9,993! एवढासा कल असलेले हे रेणू द्रव-स्फटिकात (द्रवासारखा वाहणारा, पण रेणू ओळीत लागलेला पदार्थ) मिसळल्यावर अख्ख्या द्रव-स्फटिकाला पीळ बसला, ही त्या प्रयोगाची खरी कमाल.

तेव्हा प्रकाशाने रेणूंना डावा-उजवा कल देता येतो, हे मला मान्य करावंच लागतं. अ‍ॅझोबेन्झीन हा प्रकाशाने आकार बदलणारा घटक असलेल्या पॉलिमरच्या पातळ थरातही असा पीळ घालता येतो. पण ते रेणू प्रकाशाला प्रतिसाद देणारे असतात. बशीतली कोरडी गोळी तशी नसते.

पाण्याच्या रेणूला तर डावा-उजवा हा प्रकारच नाही. त्याची आरशातली प्रतिमा तंतोतंत तोच रेणू. 'दिवा नसेल तर पोलराइज्ड गॉगलमधून ऊन द्या' हेही फोल आहे, कारण गॉगलमधून येणारा प्रकाश रेषीय ध्रुवित, म्हणजे एकाच सरळ दिशेत कंप पावणारा असतो. त्यात डावं-उजवं वर्तुळ समसमान असतं, मग कल येणार कुठून?

ज्यांनी गोळ्या अशा उघड्यावर ठेवल्या असतील, त्यांनी त्या टाकून नवी स्ट्रिप आणावी आणि डॉक्टरांनी ठरवलेला डोस पूर्ण घ्यावा. अर्ध्या गोळीवर काही आठवडे काढले असतील, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. डोस बदलल्यावर रक्तातलं टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं संप्रेरक) स्थिरावायला साधारण 6 आठवडे लागतात, म्हणून तपासणी कधी करायची तेही त्यांनाच विचारा.