फिल्टरची लाईट अन् दहा नंबरचा पाना: त्या फॉरवर्डला उत्तर

या आठवड्यात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला, त्यातले दोघं तर सख्खे चुलतभाऊ. मेसेज असा: "डिझेल गाडीत एक्झॉस्ट फिल्टरची लाईट लागली तर शोरूमला जाऊ नका, लुटतात. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढा. नाही गेली तर न्यूट्रलला अर्धा तास रेस द्या. टाकीत लिटरभर रॉकेल टाका. तरी नाही जमलं तर फिल्टर पोकळ करून घ्या, ॲव्हरेज वाढतं." खाली हात जोडलेले, जनहितार्थ. हा फिल्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतली जाळी, धुरातली काजळी त्यात अडकते अन् गाडी ती अधूनमधून आतच जाळते.

बॅटरीच्या वायरचं आधी बोलतो कारण ते मी स्वतः केलंय, खोटं कशाला बोलू. दहा नंबरचा पाना घेतला, निगेटिव्हची वायर काढली, चहा पिऊन आलो, लावली. घड्याळ बारावर, लाईट गायब, मी खूश. दोन दिवसांनी विजापूर रोडला परत लागली अन् यावेळी सोबत इंजिनची पण लाईट, पिकअप एकदम मेला, मागं ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न. गॅरेजला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र, लावला तर फिल्टर ठीकच होता, प्रेशर सेन्सरचा रबरी पाईप उष्णतेनं चिरला होता, बोटाएवढा तुकडा. फिल्टरच्या आधी किती दाब अन् नंतर किती, ते हा सेन्सर मोजतो, त्यावरून गाडी ठरवते की फिल्टर किती भरला. आता वायर काढून काय झालं, तर कोड पुसला गेला, पाईप चिरलेलाच राहिला. पहिल्या दिवशीच स्कॅन केलं असतं तर फिल्टरच्या किमतीपुढं चहा-भज्याच्या खर्चात सुटलो असतो.

रेस द्यायचं म्हणाल तर उभ्या गाडीत इंजिनवर मुळात लोड नसतो, म्हणून फिल्टर पुरेसा तापत नाही. काजळी जळायला फिल्टरमध्ये साधारण ६०० डिग्रीच्या आसपास उष्णता लागते, त्यासाठी गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल उशिरा सोडते अन् दहा-वीस मिनिटं ते चालतं. तेवढ्या वेळात काय दिसतं? उभ्या गाडीत आरपीएम थोडा वर, ॲव्हरेज पडलेलं, गाडी बंद केली तरी पंखा फिरतोय. आपण नेमकं तेव्हाच जुळे सोलापूरवरून नवी पेठेत पोचलेलो असतो अन् चावी काढतो, असं चारपाच वेळा झालं की लाईट लागणारच, अन् ते न जळलेलं डिझेल हळूहळू इंजिन ऑईलात उतरतं. डिपस्टिक काढून बघा, ऑईल मॅक्सच्या वर गेलं असेल अन् डिझेलचा वास येत असेल तर आधी ऑईल बदला, बाकीचं नंतर. (काही गाड्यांत उभ्या उभ्या फिल्टर साफ करायची सोय मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती वेगळी.)

हायवेला पळवा हे मेसेजमध्ये नाहीच, खरं तर तेवढंच कामाचं होतं. नुसती पिवळी लाईट स्थिर लागलीय, दुसरी कुठलीच नाही, टाकीत पाव टाकीच्या वर डिझेल आहे, इंजिन गरम झालंय, तर पुणे रोड पकडा, सावळेश्वर टोलनाक्याच्या पुढपर्यंत साठ-सत्तरच्या वर एकसारखी चालवा, हवं तर एक गिअर खाली ठेवून. बहुतेक वेळा जाते. पण लाईट लुकलुकतेय किंवा इंजिनची पण लागलीय तर पळवायची नाही, स्कॅनरवाला गाठायचा. अन् युरियाची म्हणजे डीईएफची लाईट ही नव्हेच, ते धूर साफ करायचं पाणी वेगळ्या टाकीत भरायची गोष्ट आहे, डिझेलच्या नव्हे, या दोन्हीत गल्लत करणारे मी पाहिलेत.

रॉकेल? नाही. बीएस ६ गाडीचा पंप अन् इंजेक्टर डिझेलच्याच वंगणावर चालतात, रॉकेल पातळ. घासून मेला की मग खरं लुटणं काय ते कळेल.

फिल्टर पोकळ करण्यावर आता, म्हणजे आतली जाळीच काढून टाकण्यावर. एक गोष्ट मान्य, जुन्या फिल्टरमध्ये काजळीबरोबर राख पण साठते, ती इंजिन ऑईलातून येते अन् जळत नाही, म्हणून ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या लो सॅप्स, म्हणजे कमी राख करणाऱ्या ग्रेडचंच घाला. पण पोकळ केला की वॉरंटी गेली, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असला बदल चालत नाही, अन् कलम १८२ए खाली मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मागं दुचाकीवर पोराला पुढ्यात बसवून चाललेल्या माणसाच्या तोंडात तो काळा धूर जाणार ते वेगळंच.

शोरूमवाले लुटतात यावर वाद घालत नाही, काही लुटतात. म्हणून कोड काय आला ते लिहून मागा अन् दुसरीकडं दाखवा, त्याला कोणी अडवत नाही.

अन् एक, पळवून आल्यावर गाडी कुठं लावताय ते बघा, खाली फिल्टर तापलेला असतो, वाळलेलं काही असलं तर पेटेल. मी मोहोळकडून येताना मामाच्या वस्तीवर वळलो अन् सावली बघून गाडी सरळ कडब्याच्या गंजीशेजारी घातली, खाली पण कडबा पसरलेला. मामा भाकरी टाकून धावत आले, आधी गाडी काढायला लावली, मग पाणी विचारलं.