रात्रीच्या बैठकीने गट सावरला
गटाने काम कसं करावं यावरच्या एका लेखात म्हटलंय, नेता खमक्या असला की गट आपोआप चालतो. मला हे पटत नाही. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, आमचा साताऱ्यातला कोरेगाव तालुका होता. ४५ दिवस श्रमदान. सुरुवातीला माणसं भरपूर आली, पण पाणी अडवणारे चर कुठे खोदायचे त्याच्या समतल रेषा ए-फ्रेमने (A आकाराच्या चौकटीने) आखणारे दोघंच. ते फक्की टाकत पुढे सरकेपर्यंत बाकीचे टिकाव-घमेली घेऊन उन्हात उभे. दहाच्या सुमारास अर्धे कंटाळून घरी जायचे. आम्ही म्हणायचो, लोकांना गावाची पडलेली नाही.

मग रात्री पारावर बसायला लागलो. आज काय अडलं एवढंच बोलायचं, नाव घेऊन कुणाला टोचायचं नाही. तिसऱ्या की चौथ्या रात्री एक काकू म्हणाल्या, "आखणी आदल्या संध्याकाळीच करून ठेवा की, सकाळी आल्या आल्या खोदायला लागतो." इतकं साधं! आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सहा-सहा जणांच्या तुकड्या केल्या, प्रत्येकीला आपापला चर नेमून दिला. सरपंच तेच, माणसं तीच, पण उन्हं चढायच्या आत काम उरकायचं. त्या काकूंना आधी कुणी विचारलंच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.