बफेलोचं विमान बर्फाने पाडलं नाही

हिवाळ्यातल्या विमान अपघातांचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत न्यूअर्कहून बफेलोला उतरायला आलेलं कोल्गन एअरचं ३४०७ हे विमान पंखांवर बर्फ साचून पडलं. ऑटोपायलट चालू असल्याने वैमानिकांना ते कळलंच नाही. निसर्गापुढे कोणाचं काय चालणार! विमानातली ४९ आणि जमिनीवरचं एक, अशी ५० माणसं गेली. त्यांच्या मृत्यूचं कारण तरी खरं सांगा.

बर्फ होता. वैमानिक त्याबद्दल बोलतही होते. पण बर्फ काढणारी यंत्रणा चालू होती, आणि त्या बर्फाचा विमानावर झालेला परिणाम किरकोळ होता, ते ताब्यात ठेवता येत होतं, असं अमेरिकी तपास संस्था एनटीएसबीने स्पष्ट नोंदवलं आहे. चाकं खाली, इंजिनांची ताकद अगदी कमी आणि वेग उतरत चाललेला. दोघांचंही लक्ष नव्हतं. बर्फाळ हवेचा स्विच लावलेला असल्याने स्टॉलचा, म्हणजे वेग घटून पंखांची उचल जाण्याचा, इशारा लवकर, १३१ नॉटला (विमानाच्या वेगाचं एकक) मिळाला. उतरण्याचा वेग मात्र साध्या हवेचा, ११८ नॉट, धरलेला! इशारा झाला तेव्हा प्रत्यक्ष स्टॉलला अवकाश होता. नाक खाली आणि इंजिनांना पूर्ण ताकद, एवढ्यावर सावरता आलं असतं. कॅप्टनने उलट विमानाचं नाक वर करणारा दांडा मागे ओढला. विमान स्टॉल झालं ते त्यानंतर. नाक आपोआप खाली ढकलणारी यंत्रणाही त्याने ओढून हरवली.

शेपटी स्टॉल झाली (तेव्हा दांडा ओढायचाच असतो) असं समजून कॅप्टनने ओढलं, हा बचावही एनटीएसबीला पटला नाही.

ऑटोपायलटचा मुद्दा बहुधा अमेरिकेतल्याच रोझलॉनच्या अपघातावरून आला असावा. तिथे १९९४ मध्ये ऑटोपायलटवर घिरट्या घालणाऱ्या एटीआर-७२ विमानाच्या पंखांवर, बर्फ झटकणाऱ्या पट्ट्यांच्या मागे बर्फाची कड धरली आणि ६८ जण गेले. तिथे बर्फ खरोखर दोषी होता. बफेलोत घटता वेग दोघांच्या समोर पडद्यावर दिसत होता.

आणि ‘निसर्गापुढे’? नाक खाली ढकलणारी ती यंत्रणा कशी जाणवते, हे त्या कॅप्टनला सिम्युलेटरमध्ये कधी दाखवलंच नव्हतं. सहवैमानिक तरुणी रात्रभर प्रवास करून सिअ‍ॅटलहून कामावर आली होती. मृतांच्या नातेवाइकांनी हे सोडलं नाही. २०१० चा विमान सुरक्षेचा कायदा त्यांच्याच रेट्यामुळे झाला. त्यातली वैमानिकाला उड्डाणाच्या १५०० तासांच्या अनुभवाची अट सगळ्यांना माहीत आहे, पण या दोघांचे तास त्याहून जास्तच होते. माझ्या मते २०१४ पासून लागू झालेले विश्रांतीचे नियम आणि स्टॉलचं सुधारलेलं प्रशिक्षण जास्त मोलाचं.